इंग्रजी शिवीचं मूळ

नंदाबाईच्या डोक्याला ताप द्यायला तिचा एकुलता एक धर्मराज पुरेसा होता. औरंगाबादच्या कॉलेजातून सुट्टीला केदारखेड्याला आला, पेरणीला उभा राहिला, आणि तिफण वाकडी चालली म्हणून शेजारचा कडूबा हसला, तर भर शेतात त्याला 'व्हिलन' म्हणून मोकळा झाला. कडूबानं दुकानदार जुगलकिशोरला अर्थ विचारला. जुगलकिशोर जालन्याला सिनेमे बघायचा. त्यानं सांगितलं, सिनेमातला हरामखोर माणूस.

झालं. विधवा नंदाबाईचा एक बैल आणि कडूबाचा एक, अशी दोन्ही घरांची सावड तिचा नवरा होता तेव्हापासूनची. कडूबानं आपला बैल सोडून नेला. त्याला सावडीला दुसरं घर मिळालं असतं; हिला कोण विचारतो? जमिनीला पेरणीजोग्या ओलीचा वापसा आलेला, निम्मं रान पेरायचं राहिलेलं आणि एका बैलावर तिफण चालत नाही.

नुसतं चुकलो म्हण, असं बजावून तिनं लेकाला कडूबाच्या ओट्यावर नेलं. त्यानं तिथं व्याख्यानच सुरू केलं. म्हणे, हा शब्द मुळात शिवी नव्हताच. फार पूर्वी तिकडं विलायतेत जमीनदाराच्या रानात राबणाऱ्या साध्या शेतगड्याला असं म्हणायचे. मोठ्या लोकांना तो आधी अडाणी वाटायचा, मग हलकट वाटायला लागला, आणि होता होता शब्द बदमाशाचा झाला. नंदाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. एवढं शिकून या पोराला माफी तेवढी मागता येत नव्हती.

कडूबानं मात्र सगळं मन लावून ऐकलं. तंबाखू मळायची थांबवून त्यानं विचारलं, "मंग तू मला कोणता म्हणलास? राबणारा का बदमाश?"

"बोल की आता," नंदाबाई लेकावर खेकसली. "इतका वेळ तर तोंड बराबर चालू व्हतं."

"राबणाराच, पण त्या मोठ्या लोकांना वाटायचा तसा अडाणी," तो खाली बघत म्हणाला. "आई, तूच म्हणायचीस ना, शीक, न्हाईतर कडूबासारखा बैलामागं मरशील. लहानपणापासून तेच ऐकून राह्यलो."

लेकाचं थोबाड फोडावं असं नंदाबाईला वाटलं. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

कडूबा उठला, गोठ्यातून बैल सोडून आणला आणि दावं तिच्यापुढं धरलं.

"घेऊन जा, वहिनी. कुणीतरी मरायलाच पाह्यजे ना बैलामागं."

वापसा जात होता. नंदाबाईनं दावं घेतलं, पण मान वर करून त्याच्याकडं बघणं काही तिला जमलं नाही.