किलवरची दुर्री

मनालीने तिसऱ्यांदा रोशनीचा प्रोग्रॅम चालवला आणि तिसऱ्यांदाही त्याने तिला तेच ऐकवलं. आधी म्हणाला, बदामचा एक्का मोठा. मग मध्ये दोन ओळी आल्या आणि त्याच दोन पत्त्यांबद्दल पुन्हा विचारल्यावर म्हणाला, किलवरची दुर्री मोठी. पत्ते तेच, मिनिटही सरलं नव्हतं, आणि दुर्रीने एक्क्याला खाली पाडलं होतं.

मुरबाडच्या कॉलेजातली प्रात्यक्षिक परीक्षा संपत आली होती. लॅबमध्ये विद्यार्थ्यांपैकी रोशनी एकटीच उरली होती, हातात हॉल तिकीट धरून उभी. प्रश्न साधा होता. 'पत्ता' नावाचा क्लास लिहा, त्याचा वारसा घेणारा दुसरा क्लास काढा, आणि दोन पत्त्यांत मोठा कोण हे त्या नव्या क्लासला त्याच्या खेळाच्या नियमाने ठरवू द्या. प्रश्न मनालीनेच काढला होता, म्हणजे पुस्तकातून उचलला होता. शहापूरला तिच्या माहेरी पत्त्यांना हात लावायची चोरी. पत्ते आले की घर गेलं, असं वडील म्हणत. पोहता न येणारीने पोहण्याचे मार्क द्यावेत, तशी तिची गत होती, आणि हे ती कुणाला कळू देत नव्हती.

"मॅडम, यंदा जरा बघून तपासा," लॅब सांभाळणारे दामूमामा हळूच म्हणाले. ते रोशनीच्याच गावचे, सिद्धगडाखालचे. "गेल्या साली याच पेपरात उडाली ती. आता उडाली तर कॉलेज बंद, असं बापाने बजावलंय. पोरीचं डोकं चालत नाय, बोलतो."

हे ऐकून मनाली आणखीच गोंधळली. चूक तर ढळढळीत दिसत होती. पण इतक्या नीट, मन लावून कुणी चूक लिहितं का?

"रोशनी, एकाच प्रश्नाची दोन उत्तरं कशी आली?"

"मधे हुकूम पडला, मॅडम."

"कुणी पाडला?"

"ज्याच्याकडे बदाम नव्हता त्याने."

मनालीने समजल्यासारखी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. दामूमामांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, आपला खण उघडला आणि पत्त्यांचा कॅट काढला. तो तिथे कसा आला, हे विचारायची ती वेळ नव्हती. त्यांनी तिघांना पाच-पाच पत्ते वाटले.

"आमी मेंढीकोट खेळतो, त्यातला एकच हात दाखवतो," ते म्हणाले आणि बदामचा एक्का टाकला. रोशनीने बदामची सत्ती टाकली.

मनालीने आपली पानं खालीवर केली. "माझ्याकडे बदाम नाहीच."

"मग काय पण टाका."

तिने ओशाळून हातातलं सगळ्यात हलकं पान टाकलं. किलवरची दुर्री.

"हात तुमचा," रोशनीने तिन्ही पानं तिच्यापुढे सरकवली. "तुमच्याकडे बदाम नव्हता, म्हणून तुमी टाकलेला किलवर आता हुकूम. पुढे कुणाचा एक्का आला तरी किलवरपुढे चालायचा नाय."

"पण हे त्या पत्त्याला कसं कळतं?"

"त्याला नाय कळत. रंग नि आकडा त्याला पॅरेंट क्लासकडून आलाय, तो बदलत नाय. मोठा कोण, तेवढं तो डावाला विचारतो. त्या मधल्या दोन ओळी म्हणजे हाच हात."

मनालीने स्क्रीनकडे पाहिलं. खरंच, त्या दोन ओळींत एक हात खेळला गेला होता. तिला मनापासून आनंद झाला, आणि तो पुरता व्हायच्या आत तिला आठवलं. गेल्या वर्षी कुणाच्या तरी पेपरावर तिने लाल शाईत लिहिलं होतं, 'एका प्रश्नाला एकच उत्तर असावे.'

"गेल्या वर्षी तू काय लिहिलं होतंस?"

"हेच."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमी विचारलं नाय."

"आणि नापास होऊनही यंदा परत तेच?"

"बदलायला घेतलेलं," रोशनी म्हणाली. "मग घरी बारकीकाकीसंगं बसून परत खेळून बघितलं. ते बरोबरच होतं. मग कसं बदलणार?"

मनालीला लाज वाटली. इतकी की खुर्चीत बसवेना, ती उठून उभी राहिली.

"चूक माझी होती, रोशनी. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं."

रोशनीने दामूमामांकडे पाहिलं. मॅडमनी असं काही म्हटलं तर काय म्हणायचं असतं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. मामा पानं गोळा करत राहिले.

"असू द्या, मॅडम," ती म्हणाली. "फक्त हे बाबांना सांगाल का? मी सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाय."

मनालीने पर्समधून मोबाईल काढला.

"नंबर सांग."

बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला, मागे भात झोडल्याचा आवाज येत होता.

"मी कॉलेजातून मनाली मॅडम बोलतेय. रोशनीबद्दल बोलायचं होतं."

झोडणी थांबली.

"परत उडाली काय?"

"नाही," मनाली म्हणाली. "ती गेल्या वर्षीही उडाली नव्हती."