मास्तरांचे थांबलेले पाय

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायांनी चालवायची. माझा रंग उडाला आहे, पण टाका अजून सरळ पडतो. म्हातारीचा तेवढा तोरा चालवून घ्या.

कारखान्यातून निघाले ती थेट मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात आले. चाळीस वर्षे त्यांचे पाय माझ्या पायडलवर, डोळे सुईवर आणि डोक्यात साऱ्या गल्लीची मापे! गिऱ्हाईक दारात दिसले की म्हणत, "छाती अडतीस, बाही तेवीस. पोट मात्र सुटलंय हं!" लोक त्यांचे कौतुक करत आणि मी उगीचच मिरवत असे.

मग मास्तरांचे गुडघे दुखू लागले. मुलाचा जीव कळवळला. त्याने मला मोटर बसवली.

"बाबा, किती पाय झिजवणार? नुसतं बटण दाबा. मापं मी मोबाईलमध्ये भरतो, डोक्याला त्रास नको."

मुलगा गुणी, म्हणून त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही. पुढे दुकानच बंद झाले. मला घरी खिडकीपाशी ठेवले. सूनबाई रोज म्हणायची, "बसा निवांत." मास्तर बसले, ते बसूनच राहिले.

एकदा नातीच्या फ्रॉकला त्यांनी गळ्याच्या जागी बाही जोडली. सगळे हसले. मास्तरही हसले. मला मात्र धडकी भरली. नंतर ते दोरा ओवायचे विसरले, मग घरचा रस्ता.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. म्हणाल्या, "हा विसरण्याचा आजार कुणालाही होऊ शकतो, खात्रीचा उपाय नाही. पण रोजची हालचाल, डोक्याला काम, माणसांत ऊठबस, यानं धोका कमी होतो. यांचं सगळं एकदम का थांबवलंत?"

मुलाने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी त्याने माझी मोटर काढली आणि वडिलांना माझ्यापुढे बसवले. पाय पायडलवर आले आणि चक्क चालू लागले! मुलाचे डोळे भरून आले. मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिले आणि अदबीने विचारले, "या साहेब. आमच्याकडे पहिल्यांदाच आलात ना?"

मित्रांनो, घरातल्या थकल्या माणसांना विसावा जरूर द्या, पण त्यांचे काम काढून घेऊ नका. त्यांना फिरायला न्या, कोडी घाला, पत्त्यांत त्यांच्याकडून हरा. आजच करा. मास्तरांचा मुलगा आता रोज संध्याकाळी बापासमोर हात आडवे धरून उभा राहतो आणि नवे गिऱ्हाईक म्हणून माप देतो.