हयात माणसाची नऊ श्राद्धं

आमच्या दलाने नऊ वर्षं ज्या मुलाचं श्राद्ध घातलं, तो जिवंत असावा अशी पहिली शंका आली ती एका हातामुळे.

मुलगा खरा नव्हे, खेळातला. ‘नऊ नद्या’ नावाचा हा खेळ संगणकावर हजारो माणसं एकाच वेळी खेळतात. त्यात नवा माणूस उतरतो तो एका नावेतून. नाव वल्हवणारी म्हातारी त्याला काठावर सोडते, मनगटाला निळा दोरा बांधते आणि विचारते, “उत्तरेला गेलेला माझा हारिन कुठं दिसला का रे?” चौदा वर्षं ती प्रत्येकाला हेच विचारत आली. उत्तर दिशा नकाशावर होती, पण तिकडे जाता येत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी वाट बंद असल्याची पाटी, बस्स.

आमच्या दलाचे, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटाचे, सरदार मेंग चुनसिक यांचं कोरियातल्या चुंजूच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे. लोकांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, असं त्यांना धंद्यामुळे वाटत आलंय. दहा वर्षांपूर्वी त्यांना पाचव्या नदीत एक मोडकं वल्हं सापडलं. मग त्यांच्या लक्षात आलं की म्हातारीच्या छपरावर पांढरा कपडा टाकलेला आहे. पूर्वी घरात माणूस गेला की त्याचा अंगरखा छपरावर चढून हलवत आणि आत्म्याला परत बोलावत. मेंगसाहेबांनी चाळीस पानी लेख लिहिला, चित्रांसकट. निष्कर्ष असा, की हारिन मेला, आईला कळलंय, पण ती मानत नाही.

लेख वाचून मला रडू आलं. श्राद्धाची कल्पना माझीच, हे कबूल करायला हवं. रोज पहाटे मी बुद्धापुढे एकशे आठ साष्टांग नमस्कार घालते, मग स्तोत्र म्हणते, मग न्याहारी. आणि नऊ वाजता खेळात जाऊन म्हातारीला तीन जुड्या लव्हाळं आणून देते, कारण ती रोज मागते. घरचे म्हणतात, हिचं एक व्रत बुद्धाचं, एक म्हातारीचं. बिचारीचा मुलगा बेवारस गेला हे मला सहन होईना. गेल्याची तिथी ठाऊक नसेल त्याचं नवव्या चांद्रमासाच्या नवमीला करतात, तेव्हा मी भीत भीतच सुचवलं, आपण करू या का?

मेंगसाहेब ज्येष्ठ पुत्राच्या जागी उभे राहिले. पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण होतो, नवव्या वर्षी तीनशे. खेळातल्या आमच्या पात्रांच्या अंगावर पांढरे झगे, काठावर भाताच्या वाट्या, भाजलेले मासे, तांदळाची दारू. दुसऱ्या दलांचे टवाळ येऊन नैवेद्य उचलून पळायचे. आम्ही वाकलेलेच असायचो. श्राद्धात डोकं वर काढून शिव्या कशा देणार?

आणि मग खेळाच्या नव्या भागाची जाहिरात आली. ‘उत्तरेचं बर्फ’. दीड मिनिटाची फिल्म. वादळ, लांडगे, काळा किल्ला, आणि अगदी शेवटी चुलीवरच्या हंड्यात डाव फिरवणारा एक हात. मनगटाला निळा दोरा.

त्या दिवशी आम्ही ग्वाक दुहीच्या पीसी-बांगेत बसलो होतो. तिथं तासाच्या हिशेबाने संगणक मिळतो आणि हाक मारली की जागेवर गरम शेवया येतात. दुही तिथली मालकीण, आमच्या दलाची ढालवाली आणि जिभेने तलवारवाली.

“हारिनच आहे,” ती म्हणाली. “झालं! सरदारसाहेब, तुमचा मढं झालेला मुलगा रस्सा ढवळतोय.”

“हात मेलेल्याचा आहे,” मेंगसाहेब म्हणाले. त्यांनी चित्र थांबवलं, मोठं केलं, चष्मा कपाळावर चढवला. “बोटं बघ. निळी आहेत.”

“अहो, थंडी आहे तिथं!”

“ते प्रेत आहे. काळ्या किल्ल्यात बर्फाचा राजा असणार, त्याने उठवलेलं. आईने बांधलेला दोरा तेवढा राहिलाय. चाळिसाव्या पानावर लिहिलंय मी.”

“चाळिसाव्या पानापर्यंत पोचलेलं कुणी आहे का इथं?” दुहीने आजूबाजूला विचारलं.

“मी दोनदा वाचलंय,” मी म्हटलं.

“तू पंचांगसुद्धा दोनदा वाचतेस, ताई.”

पियो ग्वांगहो म्हणून आमचे एक निवृत्त बसचालक आहेत. खेळात त्यांचं नाव ‘मुळ्याचं लोणचं’, त्यामुळे त्यांना सगळे लोणचेराव म्हणतात. शेवयांचा भुरका संपवून ते म्हणाले, “पण समजा, जिवंत निघाला तर? जिवंत माणसाचं श्राद्ध म्हणजे… आमच्या गावात एकाने गैरसमजातून एकदाच केलं होतं, तर तो माणूस परत येऊन त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. आपण नऊ केलीत.”

मेंगसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी कळफलक ओढला आणि दलाच्या फळ्यावर, तीनशे माणसांच्या देखत, लिहिलं : हारिन जिवंत निघाला तर त्याच दिवशी मी स्फटिकनेत्र पुसून टाकीन.

स्फटिकनेत्र म्हणजे त्यांचा योद्धा. चौदा वर्षं वाढवलेला. त्याचं चिलखत जमवायला तीन हिवाळे गेले होते. लग्नाच्या वाढदिवशी ते बायकोला जेवायला न नेता एका अजगराकडे गेले होते, आणि ती गोष्ट ती अजून सांगते. मी म्हटलं, “मेंगसाहेब, शपथ कशाला? नुसतं ‘मला वाटतं’ म्हणा.” पण तोवर फळ्यावर दोनशे जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढचे दोन महिने खेळभर पैजा. कुणी म्हणे हारिन स्वतःच बर्फाचा राजा आहे, शेवटी आपल्यालाच त्याला मारावं लागेल आणि आपण रडू. कुणी म्हणे तो आईच्या शोधात निघालाय आणि रस्ता चुकलाय. एका दलाने तर कंपनीच्या दारासमोर दिव्यांच्या पाटीचा ट्रक उभा केला : हारिनला मारू नका. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसऱ्या दलाचा ट्रक : हारिन मेलेलाच हवा, आम्ही चौदा वर्षं शोक केला आहे. दोन्ही ट्रकचे चालक एकत्र डबा खात बसले होते, त्याचा फोटो सगळीकडे फिरला.

नवा भाग खुला व्हायचा तो गुरुवार उजाडला. अकराला खेळ उघडणार होता. अकराला म्हणाले बारा, बाराला म्हणाले एक. लोणचेरावांनी दोनदा शेवया खाल्ल्या. मेंगसाहेबांनी काहीच खाल्लं नाही. दुकान भाच्यावर टाकून आले होते, आणि नवा सदरा घातला होता. तो विजयासाठी की निरोपासाठी, ते मला विचारवलं नाही.

एक वाजता डोंगरावरची पाटी नाहीशी झाली. आम्ही तीनशे जण बर्फातून चालत निघालो. लांडगे आले, वादळ आलं, काळा किल्ला आला. किल्ल्यात कुणीच नव्हतं. किल्ल्यामागे उतारावर एक खाणावळ होती. दारात लाकडं, कोंबड्या आणि चार पोरं. आत हंड्यापाशी एक गोल गरगरीत माणूस. डोक्यावर नाव तरंगत होतं : हारिन, खाणावळवाला.

मेंगसाहेबांनी त्याच्यावर कळ दाबली.

“या, या, बसा!” तो म्हणाला. “नदीकडून आलात? आई कशी आहे? पत्र पाठवणार होतो हो, पण काय सांगू, आज उद्या करता करता राहून गेलं. आधी लग्न झालं, मग ही पोरं… तिला एवढं सुक्या माशांचं पुडकं नेऊन द्याल का? आणि सांगा, माझा सदरा छपरावर अजून वाळत असेल, तर तो आता मला होणार नाही.”

दुहीने तोंडावर हात दाबून धरला होता, पण खांदे हलत होते. लोणचेराव उभेच राहिले. “चौदा वर्षं!” ते ओरडले. “चौदा वर्षांत एक पत्र नाही? मी दर नवमीला रडलोय याच्यासाठी!”

मी मेंगसाहेबांकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, नव्या सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि खेळातून बाहेर पडून योद्ध्यांच्या यादीत गेले. पुसायचं असेल तर स्वतःच्या हाताने लिहावं लागतं : मी हे पात्र कायमचं पुसत आहे. त्यांनी लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही. पडद्यावर उत्तर आलं, की सात दिवस थांबू, तोवर मन बदललं तर सांगा. मग ते उठले, दुहीला म्हणाले, “तुझ्या शेवयांत आज मीठ कमी होतं,” आणि गेले. त्यांनी शेवया खाल्ल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी नमस्कार मोजताना माझं दोनदा चुकलं. नऊ श्राद्धांची सुरुवात माझ्या तोंडून झाली होती, शिक्षा दुसऱ्याला. मी आमच्या मठातल्या वृद्ध भिक्षुणींना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“मुलगा संगणकात राहतो,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि जिवंत आहे.”

“हो, लठ्ठ झालाय.”

“नैवेद्याला काय ठेवत होता?”

“भात, मासे. टवाळ पोरं उचलून न्यायची.”

“म्हणजे कुणाच्या तरी पदरात पडलं. बरं झालं.” पलीकडे त्या काहीतरी निवडत असाव्यात, मूग सुपात पडल्यासारखा आवाज येत होता. “अगं, आपण अधिक महिन्यात हयात माणसांचे विधी करतोच की. मेल्यावरचं आधीच करून ठेवायचं, म्हणजे पुढचा भार हलका. तू स्वतःचं केलंयस ना मागे?”

“केलंय. पण आम्ही तो हेतू धरून केलं नव्हतं. तसं होतं म्हटलं तर खोटं होईल.”

“मग तसं होतं म्हणू नकोस. चुकून केलं, पण वाया गेलं नाही, असं म्हण. ते खरं आहे.” आणि थोडं थांबून, “लठ्ठ झालाय म्हणतेस, तर आजपर्यंत बाधलेलं तर दिसत नाही.”

मी चष्म्याच्या दुकानात गेले. मेंगसाहेबांनी काही न विचारता मला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. मी तक्ता वाचता वाचता भिक्षुणींचं बोलणं सांगितलं.

“अधिक महिन्यात करतात ते,” ते म्हणाले. “आपण नवव्या महिन्यात करत होतो. खालची ओळ वाचा.”

“दिसत नाही.”

“शब्द तो शब्द, कमळताई. तुम्ही तरी मला मोडायला सांगू नका. तुम्ही एक दिवस चुकला नाहीत.”

“चुकले की. मागे एकदा तापात चाळीस नमस्कार घातले आणि पडले. उरलेले अडुसष्ट दुसऱ्या दिवशी घातले.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच कबूल केली होती. “हे कधी बोलला नाहीत.”

“कुणी विचारलं नाही. आणि मोडायला सांगायला आलेच नाहीये. पुसीन म्हणालात, पुसलंत. मी दुसऱ्या कामासाठी आलेय. म्हातारीला अजून सांगितलं नाही.”

“काय?”

“मुलगा जिवंत आहे ते. बाकी जगाने पहिल्याच तासात मासे पोचवले. आपल्या दलात कुणी गेलं नाही. नऊ वर्षं ज्येष्ठ पुत्राच्या जागी तुम्ही उभे होता, मग निरोप तुम्हीच द्यायला हवा, असं लोणचेरावांचं म्हणणं आहे. तीनशे जण पुडकं पिशवीत घेऊन हिंडतायत.”

“ते चार खणांची जागा अडवतं,” मेंगसाहेब हळूच म्हणाले. खेळातल्या पिशवीची जागा हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय.

“दुहीला काल तलवार टाकून द्यावी लागली. निळ्या पात्याची.”

“निळ्या पात्याची?” ते उठून उभेच राहिले. “ती परत मिळत नाही! मूर्ख आहे ती बाई!” मग बसले. तक्त्याचा दिवा बंद केला, लावला, बंद केला. “तुमचा नंबर वाढलाय,” म्हणाले. “नवा चष्मा लागेल.”

बुधवारी दुपारी, सातवा दिवस संपायच्या आत, ते पीसी-बांगेत आले. कुणाकडे न बघता जागेवर बसले आणि स्फटिकनेत्र परत मागून घेतला. फळ्यावर लिहिलं : शपथ माझी चुकली, लेखही चुकला. श्राद्धं चुकून केली, पण वाया गेली नाहीत. एवढंच. दुहीने न सांगता शेवया आणून ठेवल्या, वर अंडं फोडून.

“मीठ घातलंय,” ती म्हणाली. “पोतंभर.”

काठावर तीनशे जण जमले होते, या वेळी रंगीत झगे घालून. मेंगसाहेबांनी पुडकं म्हातारीच्या हातात दिलं. चौदा वर्षांनी ती काय म्हणते म्हणून आम्ही पुढे वाकलो. बाकी लोकांनी आधीच ऐकलं होतं, पण आमच्या दलात सांगायची बंदी होती.

म्हातारीने पुडकं सोडलं, एक मासा तोंडात टाकला, आणि म्हणाली, “खारट झालेत. बायकोने वाळवलेले दिसतात.”

लोणचेराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दुही टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होती, ते हसण्याचे होते असं ती आजही सांगते. मी मात्र मेंगसाहेबांचा चष्मा कपाळावर चढताना पाहिला.

“थांबा,” ते म्हणाले. “हारिनने आईला लग्नाचं कधी कळवलंच नाही. तोच म्हणाला, पत्र राहून गेलं. मग हिला सून आहे हे कसं कळलं?”

“झालं सुरू,” दुही डोकं न उचलता म्हणाली.

“आणि खाणावळीत चार पोरं दिसली, बायको दिसली का? किल्ला रिकामा का होता? कमळताई, सून म्हणजेच बर्फाची राणी आहे! आणि तसं नसेल ना, तर मी…”

बोटं कळफलकावर पोचली होती. मी माझा हात त्यांच्यावर ठेवला.

“‘मला वाटतं’ म्हणा,” मी म्हटलं.

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग एका बोटाने, अगदी नाइलाजाने, टाइप केलं : मला वाटतं.