भंगार कोणाला म्हणता? मी कांद्याची पिकअप!

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. खडखड वाजते म्हणा, धूर सोडते म्हणा, तेही खरं आहे. पण मला भंगार म्हणालात तर मी तिथल्या तिथे हॉर्न वाजवीन. माझा हॉर्न ऐकून चांदवडच्या रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. म्हशी कोणाला जुमानत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझ्या पुष्कळ बहिणी रांगेत उभ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकसारख्या. माझ्याजवळ मात्र एक गोष्ट जास्त होती. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा. तो ओढला की पुढची चाकंही मागच्या चाकांच्या जोडीने जोर लावतात आणि गाडी चिखलातून, दगडातून वाट काढते. सोमनाथनाना मला घ्यायला आले तेव्हा विकणाऱ्याने त्या दांड्याचं तोंडभर कौतुक केलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं ठीक हाय. कांदा किती वाहील ते बोला."

तर अशी मी चांदवडजवळच्या त्यांच्या मळ्यात आले. नानांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घालून घेतला. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, सगळं ओझं त्यांच्यावर तोललेलं असतं. जादा पाटा पडला आणि मी जादा कांदा उचलू लागले. कांदा साठवायच्या चाळीतून माल भरायचा, विंचूरच्या बाजारात उतरवायचा, परत यायचं. मध्ये द्राक्षं, टोमॅटो, एखादं वासरू, एकदा तर अख्खा बँडबाजा. मी कधी तक्रार केली नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्या चकचकीत मोटारी शेजारून जाताना काच वर करायच्या. मी माझ्या हौद्यात कांदे घेऊन ताठ मानेने पुढे जायची.

नानांचे दोन नियम होते. पहिला, माल हलता कामा नये. माझ्या फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, पाय लावून ते दोर असा आवळायचे, की कांद्याच्या गोणीला श्वास घ्यायला जागा उरत नसे. "माल हलला, की गाडी गेली," असं ते बजावायचे. दुसरा नियम, रिकामी गाडी बाहेर काढायची नाही. नुसतं हिंडायला डिझेल जाळणारा माणूस त्यांच्या मते शुद्धीवर नसायचा.

दसऱ्याला माझा थाट विचारू नका. नानांची बायको, मैनाबाई, मला धुऊनपुसून झेंडूची माळ घालायच्या, चाकांना हळदकुंकू लावायच्या आणि म्हणायच्या, "हिच्या जिवावर घर चाललंय हो." ते ऐकून माझं इंजिन बंद असतानाही गरम व्हायचं. त्यांची लेक योगिनी माझ्यावरच गाडी शिकली, कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात. तिने मला बांधावर चढवलं, विहिरीच्या काठापर्यंत नेलं, एकदा गोठ्याच्या भिंतीला भिडवलं. मी तिला सगळं माफ केलं.

मग नानांच्या कमरेने संप पुकारला. त्यांनी स्टिअरिंग सोडलं. कांदा दुसऱ्यांच्या मोठ्या गाडीतून जाऊ लागला आणि मला बाभळीखाली उभं केलं. सुरुवातीला कोणी तरी अधूनमधून मला चालू करायचं. पुढे तेही थांबलं. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. गिलक्याचा वेल माझ्या आरशावरून टपावर गेला. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली. कामापुरता मामा म्हणतात ते हेच! मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. पण रडणं माझ्या स्वभावात नाही, मी संतापले.

एके दिवशी गेणू भंगारवाला आला. त्याने माझ्या दारावर थाप मारली. गंजाचा एक पोपडा खाली पडला. "नाना, हिच्यात काय राम नाय आता. पत्रा तेवढा घेतो किलोवर," तो म्हणाला. मला वाटलं, आता जागेवरच टायर फोडून घ्यावा, म्हणजे निदान याच्या अंगावर धूळ तरी उडेल.

नेमकी त्या दिवशी योगिनी घरी आली होती. ती आता नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिने गेणूला चहा पाजून वाटेला लावलं आणि माझ्या बॉनेटला टेकून आईला विचारलं, "आई, तू ह्या गाडीत बसून कुठं कुठं गेलीस गं?"

"मार्केटला. दवाखान्यात. लग्नाकार्याला."

"नुसतं बघायला कुठं गेलीस का?"

मैनाबाई हसल्या. "नुसतं बघायला कोन जातं? तसं म्हनशील तर मला गायरानावर जायाचंय. माझ्या माहेरच्या डोंगरावर. शेरडं वळायचो आम्ही तिथं. सकाळी ढग खाली असायचे आन् आपन वर. पन आता ह्या गुडघ्यांनी कोन चढतंय?"

मैनाबाईंचं माहेर कळवणच्या पुढे, डोंगरात. गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. गावापासून गायरानापर्यंत फक्त दगड. साधी मोटार तिथे जात नाही, आणि आईला पायी नेता येत नाही. योगिनीने माझ्या बुटक्या दांड्याकडे पाहिलं, तेव्हाच मी ओळखलं की हिच्या डोक्यात काही तरी शिजतंय.

तिचा बेत ऐकून नाना चाट पडले. मला दुरुस्त करायचं, माझ्या हौद्यावर एक छोटी खोली बसवायची, आत पलंग, शेगडी, खिडकी, आणि आईला घेऊन वर गायरानावर मुक्काम करायचा.

"म्हंजे घर सोडायचं आन् घरच वाहायचं?" नाना म्हणाले. "आन् ह्या खेपेला भाडं कोनाचं?"

"आईचं."

"येताना रिटर्न भाडं?"

"परत आईच."

नानांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "एकदा वर जाऊन धड खाली आली, तर ठेवू. नायतर गेणूला बोलावनार. मग रडायचं नाय." त्या दिवसापासून माझा जीव त्या चढावर टांगला गेला, आणि मैनाबाईंची डोंगर बघायची आसही.

मला टोचन लावून नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रीकडे नेलं. तिथे माझी काय दशा केली ते सांगायला नको. गंज खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन उघडून सगळं टेबलावर मांडलं. माणसांना निदान भूल देतात. माझा जादा पाटाही काढला. "आता कांदा वाहायचा नाही, अंग जरा मऊ हवं," असं योगिनी म्हणाली. मी रुसले. तो पाटा म्हणजे माझी कमाई होती. पण चावी फिरवल्यावर मी पहिल्याच झटक्यात चालू झाले, आणि मिस्त्रीने उडीच मारली. तेव्हा माझा रुसवा थोडा कमी झाला.

मग आली ती खोली. दिसायला छान होती, नाही म्हणत नाही. पण गावातले सगळे येऊन तिचेच फोटो काढू लागले. खरं तर गाड्याबरोबर नळ्याची यात्रा असते. इथे नळ्यालाच हार, आणि गाडा धुळीत! चढावर कळेलच, म्हटलं.

खोली हौद्याला बांधायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं. त्यात ते कोणाचं ऐकणार नव्हते. चारही कोपऱ्यांना बोल्ट, मध्ये बोल्ट, वरून साखळ्या, आणि त्या साखळ्या फाळक्याला पाय लावून आवळलेल्या. योगिनीलाही ते पटलं. कांद्याच्या घरात वाढलेली पोर, तिलाही माल हलू नये एवढंच माहीत. आम्ही मळ्यामागच्या खडकाळ वाटेवर चाचणीला गेलो. माझं पुढचं एक चाक दगडावर चढलं, मागचं पलीकडच्या बाजूचं खड्ड्यात उतरलं, आणि वरून कडाड असा आवाज आला. खोलीचा कोपरा उकलला होता. खिडकीची काच फुटून खाली पडली होती.

नाना खाली उतरले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "चेसिस वाकली. गेली गाडी." त्यांनी तिथूनच गेणूला फोन लावला. सोमवारी ये म्हणाले.

मित्रांनो, मी ओरडून ओरडून सांगत होते, की मी वाकले नाही! खड्ड्यात मी पिळवटते आणि बाहेर आले की पुन्हा सरळ होते. आमच्या जातीला हे जन्मतः येतं. तसं आलं नसतं, तर तुमच्या गावचे रस्ते पाहून आम्ही केव्हाच दुभंगलो असतो. पण माझं ओरडणं म्हणजे बाहेरच्यांना नुसता सायलेन्सरचा आवाज.

माझं फक्त योगिनीने ऐकलं. मला मळ्यात परत आणून ती माझ्याखाली सरपटत शिरली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून मापं घेतली. मग मातीने माखलेलं तोंड बाहेर काढून म्हणाली, "नाना, सरळ हाय. एक सूतभर वाकली नाय."

"मग खोली कशानं फुटली?"

योगिनी तशीच मातीत बसून विचार करत राहिली. समोर गोठ्याला टेकून नानांचं जुनं बैलगाडीचं जू उभं होतं. तिने विचारलं, "नाना, जू आपन गाडीला खिळ्यानं ठोकतो का?"

"येडी का काय तू? जू नाड्यानं बांधत्यात. एक बैल वर चढला आन् एक खाली राहिला, तर जू हलाया नको? ठोकून बसवलं तर जू मोडंल, नायतर बैलाची मान..."

नाना बोलता बोलता थांबले. त्यांनी आपल्या साखळ्यांकडे पाहिलं.

"हा कांदा नाय, नाना," योगिनी हळूच म्हणाली. "हे जू हाय."

नानांनी एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला, पण साखळ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडल्या. चार दिवस काम चाललं. उकललेला कोपरा जोडला, नवी काच बसवली. खोली पुढे दोन जागी घट्ट आणि मागे मधोमध एकाच जाड पिनेवर ठेवली. मी खाली हवी तशी पिळवटावी आणि तिने वर आपली सरळ राहावी. मलाही तिच्याशी जमवून घ्यावं लागलं. ती तशी वाईट नाही, थोडी नटवी आहे.

गेणूला नानांनी अजून नको म्हटलं नव्हतं, तो सोमवारी येणार होता. आम्ही रविवारी निघालो. योगिनी स्टिअरिंगवर, मध्ये मैनाबाई, खिडकीशी नाना. कळवण मागे पडलं, गाव आलं, डांबर संपलं. योगिनीने बुटका दांडा ओढला आणि माझी चारही चाकं कामाला लागली. दगड लोळत होते, इंजिन तापत होतं, मी एकेक पाऊल पुढे सरकत होते. शेवटच्या चढाला एक मोठी पायरीसारखी कातळधार होती. तिथे माझी चाकं घसरली आणि मी बंद पडले.

मग नाना म्हणाले, "उतरा समदी. ओझं कमी करा. पायी जाऊ जमंल तेवढं."

"मी नाय उतरनार," मैनाबाई म्हणाल्या.

"अगं, पन..."

"हिनं आपलं घर वाहिलंय. मला एकटीला नेता येईना व्हय हिला? तुम्ही उतरा, मी बसूनच जानार वर."

मित्रांनो, असं कोणी तुमच्याबद्दल बोललं तर तुम्ही काय कराल? योगिनीने चावी फिरवली. मी एक चाक धारेवर टाकलं, दुसरं खाली दाबलं, सगळ्या अंगाने पिळवटले. खोलीचं लाकूड एकदाही करकरलं नाही. दगड निसटला, चाकाने पुन्हा पकड घेतली, आणि पुढचा चढ आपोआप मागे गेला. वर पोचल्यावर योगिनीने माझा हॉर्न वाजवला. मागून नाना धापा टाकत, दगड चुकवत पायी वर आले. तिघांत ते एकटेच उतरले होते!

सकाळी ढग खरोखरच खाली होते. मैनाबाईंनी खोलीच्या दारात बसून शेगडीवर चहा ठेवला आणि बोट दाखवून सांगू लागल्या, इथे शेरडं बसायची, तिथे करवंदाची जाळी होती. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. नाना माझ्या बॉनेटला टेकून उभे होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गेणू टेम्पो घेऊन बाभळीखाली उभा होता. तो विचारत होता, "नाना, गाडी कुठाय?"

नानांनी माझ्या टपावर हात ठेवला. "डोंगरावर हाय. तुझा टेम्पो चढतो का इथवर? चढला तर ये आन् ने."

मित्रांनो, आता तात्पर्य सांगते. हात जोडून मागत नाही, मला हात नाहीत. हक्काने सांगते. आम्हाला वेळेवर तेलपाणी करा. आतून नवा आवाज आला तर गाणी मोठ्याने लावून तो दाबू नका, उतरून बघा. ज्या गाडीने तुमचं घर वाहिलं तिच्या सीटवर कोंबड्या बसू देऊ नका. आणि एवढं ऐकूनही मला भंगार म्हणावंसं वाटत असेल, तर जरूर म्हणा, फक्त माझ्या समोर उभं राहून म्हणा. माझे ब्रेक नवे आहेत, पण राग जुनाच आहे.