खंडेनवमीचा रेडिओ

माझ्या सासऱ्यांनी, तम्मण्णा आप्पांनी, जन्मात एकदाच लेकाच्या कामाला काम म्हटलं आणि तेवढ्यानंच आमचा घात झाला.

लढाईत आमचे हे वायरलेसवर होते. परत आल्यावर वडगावात बापाच्या हातमागावर बसायचं सोडून ह्यांनी लिलावातला पलटणीचा रेडिओ आणला, परड्यात बांबू रोवले आणि तांब्याच्या तारा ताणल्या. आकाशगंगेतनं रेडिओच्या लहरी येतात, त्यांची खरखर यात ऐकू येणार, असं म्हणायचे. तार जरा इकडं, जरा तिकडं करण्यात वर्ष गेलं. आप्पा येता-जाता रिकामटेकडा म्हणायचे, गल्ली हसायची. मलाही लई राग यायचा. पण एका पहाटे ह्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावला, तर खरंच तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं चर्र चाललं होतं.

ते ऐकायला पुण्याचे एक प्रोफेसर दसऱ्याला येणार होते. ऐकू आलं की ह्यांना कॉलेजात नोकरी. आदल्या दिवशी हे बॅटरी भरून आणायला बेळगावात गेलते, मी माहेरी शहापुरात.

तो दिवस खंडेनवमीचा. आम्हा विणकरांचे माग त्या दिवशी बंद, हत्यारं धुऊन पुजायची. आप्पांच्या मनात काय आलं देव जाणे. त्यांनी मागाच्या धोट्यांबरोबर रेडिओही उघडला, रिठ्याच्या पाण्यानं आतनं-बाहेरनं घासला, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून मागाशेजारी पुजला.

"सुबराव, तुझंबी हत्यार पुजलंय रं," दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं घरी आलो तसं ते म्हणाले. माझ्यादेखत त्यांचे डोळे भरून आलते.

ह्यांनी आत हात घातला, तर सगळी ओल. चार दिवस उन्हात ठेवायला लागला असता, पण प्रोफेसर दारात उभे. ह्यांनी बॅटरी जोडली आणि धूर निघाला.

काय झालं, असं प्रोफेसरांनी विचारलं. हे बापाकडं बघून म्हणाले, जुना माल होता. मी तोंड उघडणार तोच मला डोळ्यांनी दटावलं. जीव जळला माझा. प्रोफेसर ह्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसले.

आता आप्पा आल्या-गेल्याला ऐकवतात, "मी पूजा केलती की. पण त्या डबड्यातच राम नव्हता."

हे खाली बसून ऐकतात आणि धोटा मारत राहतात.