पाटीवरची मापं

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास शीतलने मापं बघायला फोन उघडला आणि तिच्या डोळ्यांदेखत एक मुलगी नाहीशी झाली.

पाचवीतली मुलगी होती. दोन वेण्या, हातात पाटी, पाटीवर खडूने लिहिलेलं नाव आणि खाली मापं : छाती, उंची, खांदा, बाही. शीतल फोटो मोठा करायला गेली आणि तिथे पांढरी चौकट उरली. मग शेजारचा मुलगा गेला. मग त्याच्या खालचे दोघं.

"मावशी! मावशी, इकडं या!"

मालनबाई कापडावर खडूची रेघ ओढत होत्या. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या या बचत गटात कटिंगचं काम त्यांच्याकडे होतं. गटात पाच बायका, आणि आश्रमशाळेच्या गणवेशांची ही त्यांची पहिली मोठी ऑर्डर. एकशे चोपन्न लेकरं. शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या अंगावर गणवेश पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीचं काम शहरातल्या कारखान्याला जाईल, असं मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"काय झालं बाई, एवढी काहून ओरडलीस?"

"फोटो जाऊन राहिले. आपोआप."

"तू काही दाबलंस का?"

"हात बी न्हाई लावला."

मालनबाईंनी चष्मा सरसावून बघेपर्यंत पडदा रिकामा झाला होता.

कागदावर काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. मागच्या वर्षी एका छोट्या ऑर्डरच्या मापांची वही जीपमध्ये राहिली ती राहिलीच, म्हणून शीतलनेच ही रीत काढली होती. मूल समोर उभं करायचं, मापं पाटीवर लिहायची, पाटी त्याच्या हातात द्यायची, फोटो काढायचा, पाटी पुसायची, पुढचं मूल. फोटो क्लाउडवर, म्हणजे फोनात नाही तर दूर कुठेतरी कंपनीच्या मोठ्या यंत्रावर जाऊन बसायचे. पाचही बायकांच्या फोनांत तेच एक खातं होतं. त्यामुळे फोटो एकीने काढला तरी आपापल्या घरी मशीनवर बसलेल्या पाचही जणींना दिसायचा. वहीसाठी कोणाला कोणाच्या दारात जावं लागत नव्हतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस मापं घेतली, आणि शनिवारी शाळेला सुटी लागून लेकरं चहूकडे पांगली होती.

खातं उघडून दिलं होतं मोबाइल दुकानदार वैजनाथने. शीतल धावतच त्याच्याकडे गेली. मालनबाई मागून धापा टाकत आल्या.

वैजनाथने फोन बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, रागावू नका. या खात्यात तुमच्या पाच फोनांशिवाय अजून एक फोन आहे."

"कोणाचा?"

"किसनरावांचा. मागं नवा फोन घेऊन आले, खातं पाहिजे म्हणले. नवं काढायला लई खटपट. तयार होतं तेच टाकून दिलं."

"आमचं खातं? दुसऱ्याच्या फोनात?"

"तेव्हा ते रिकामंच होतं ओ."

मालनबाई म्हणाल्या, "घराला कुलूप लावायला तुला सांगितलं, अन् तू गावात किल्ल्या वाटल्यास व्हय रे!"

वैजनाथने किसनरावांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"काका, तुमी फोटो पुसले का?"

"व्हय तर! कोणाची लेकरं, काय माहीत. पाट्या धरून उभी. फोन म्हणे जागा न्हाई, जागा न्हाई. बसलो सकाळपासून झाडत."

"काका, ती कचऱ्याची पेटी उघडू नका, आमी..."

"ते बी रिकामं केलं! अर्धवट काम आपल्याला जमत न्हाई."

शीतल दुकानाच्या पायरीवर बसली.

"एका फोनातून पुसलं की सगळ्यांतून जातं?" तिने विचारलं.

"नेट चालू असलेल्या सगळ्यांतून. नेट बंद असलं तर पुसल्याची बातमीच त्या फोनाला पोचत न्हाई. चालू झालं की पोचते."

शीतल उठली. "रूपाबाईचा नेटचा पॅक गुरुवारी संध्याकाळी संपलाय."

रूपाबाई तांड्यावर राहायच्या. तिथूनच शिवून द्यायच्या. शीतलने फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. मग त्यांच्या नवऱ्याला, वसरामला.

"ती तर निघाली जीपनं. गोरेगावलाच येऊन राहिली. रिचार्ज मारायचाय म्हणत होती."

"रिचार्ज झालं की नेट चालू, अन् तिचेबी फोटो गेले!" मालनबाई म्हणाल्या.

जीप जिथे थांबायच्या तिथे शीतल उभी राहिली. पुन्हा फोन. पुन्हा नुसती रिंग. वैजनाथ म्हणाला, "रिचार्ज माझ्याकडंच करतात त्या, घाबरू नका." तरी तिची नजर रस्त्यावरून हटेना.

जीप आली. आतली माणसं उतरली. रूपाबाई नव्हत्या.

"हिरव्या लुगड्यातली बाई? ती फाट्यावरच उतरली," ड्रायव्हर म्हणाला. "तिथं नवं दुकान झालंय ना."

वैजनाथने मोटारसायकल काढली. फाटा काही फार लांब नव्हता, पण वाटेत बकऱ्यांचा कळप आडवा आला आणि तो सरकेपर्यंत शीतल मागच्या सीटवर स्वतःशीच "हं, हं, चला" म्हणत राहिली.

नव्या दुकानाच्या काउंटरवर रूपाबाई हात टेकून उभ्या होत्या. फोन दुकानदाराच्या हातात होता.

"झालं बघा रिचार्ज," तो म्हणत होता. "आता नेट सुरू करून देतो."

"करू नका!"

शीतलने फोन त्याच्या हातातून ओढलाच. विमानाच्या चित्रावर बोट दाबलं. एकदा. खात्रीसाठी पुन्हा बघितलं.

"अगं बया, त्याला काय चोर समजलीस व्हय!" रूपाबाई म्हणाल्या. "फोन माझाय, शीतल."

"रूपाबाई, तुमाला किती येळा फोन लावला!"

"पिशवीत होता. जीपमधी गाणी लावली होती, ऐकू येतंय व्हय?"

शीतलने फोटो उघडले. दोन वेण्यांवाली मुलगी तिथेच होती. पाटीवरचा प्रत्येक आकडा वाचता येत होता. ती मोजत गेली. एकशे तेवीस.

"एकतीस कमी आहेत," ती म्हणाली. शुक्रवारची, पहिली-दुसरीची मापं. ती आली तेव्हा रूपाबाईंच्या फोनाला नेट नव्हतं.

दुपारपर्यंत रूपाबाईंनी फोनातून मापं वाचली आणि शीतलने वहीत उतरवली. मग वैजनाथने शीतलच्या स्वतःच्या नंबरावर नवं खातं काढलं. पासवर्ड टाकताना त्याने स्वतःहून तोंड फिरवलं. वहीच्या पानांचे फोटो तिने वर चढवले.

"परत वरच ठेवतेस?" मालनबाईंनी विचारलं.

"वर ठेवलं होतं म्हणून रूपाबाईच्या फोनात सापडलं, मावशी. कोणाकोणाकडं खातं आहे ते मी विचारलंच न्हाई, ती माझी चूक."

"बरं. अन् त्या एकतीस लेकरांचं? पहिलीची पोरं सगळी सारखीच. अंदाजानं शिवू. आत दोन बोटं कापड दाबून ठेवू."

शीतलने मुख्याध्यापकांकडून आलेली पत्त्यांची यादी काढली. चौदा मुलं तांड्यांवर, नऊ गावांत, आठ सेनगावजवळच्या वीटभट्टीवर आईबापांसोबत.

"अंदाजानं शिवलेला सदरा पहिल्याच दिवशी ढगळ दिसतो, मावशी. मुख्याध्यापक साहेब नेमकं त्याच पोराला पुढं बोलावतील."

तिने टेप पिशवीत टाकली आणि सेनगावच्या जीपला हात केला.