लस्कमनं लिंपलेली भिंत

जवळ सरकून बसा, चुलाण्याची ऊब सगळ्यांना पुरेल. इंग्लंडातल्या आमच्या डेव्हन परगण्यातल्या जेबेझ लस्कम गवंड्याची गोष्ट सांगतो.

त्या रविवारी चॅपलमध्ये पाद्रीबाबा बायबलातल्या वाळूवर बांधून कोसळलेल्या घराचं प्रवचन करत होते. बोलता बोलता त्यांनी सूर लावला, आम्ही मागे गाऊ लागलो, आणि ऐन ध्रुवपदात जेबेझ उठून चालता झाला. टोपी बाकावरच राहिली. ती घेऊन मी त्याच्या मागे गेलो.

सापडला तो हेस्टर यो ह्या म्हातारीच्या शेतघरापाशी. तीनशे वर्षांचं घर. माती आणि पेंढा तुडवून रचलेल्या दोन हात जाड भिंती, वर गवताचं छप्पर. जेबेझ पूर्वेची भिंत बोटांनी ठोकून बघत होता. आठवडाभर रोज हेच चाललं होतं. भिंत पोकळ वाजत होती.

चाळीस वर्षांपूर्वी त्यानंच तिचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला होता. आत गेलेलं पाणी मग बाहेर पडेना. भिंतीचा आतून चिखल झाला. हेस्टरचा मुलगा आता घरच पाडू म्हणत होता.

हेस्टर दारात आली. "घराच्या डोक्यावर छप्पर आहे, तुझ्या डोक्यावर टोपीसुद्धा नाही."

"हेस्टर, हे पाप माझं. बाप सांगायचा, मातीला श्वास घेऊ दे. मी ऐकलं नाही."

"गप रे. सिमेंट मीच मागितलं होतं. शेजारणीची भिंत गुळगुळीत, माझीच का ओबडधोबड, म्हणून. मग उतरव की ते. पाहुण्यासारखं नुसतं ठोठावत काय बसलायस?"

रविवारी हत्यार उचलायचं नाही, म्हणून ती रात्र त्यानं कशी काढली देव जाणे. सोमवारी उजाडताच छिन्नी चालू झाली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. सिमेंट उतरलं, कुजलेल्या जागी नवी माती भरली. मग उन्हाळाभर भिंत उघडी सुकू द्यायची होती. पण ह्याला धीर कुठला. दिवसातून तीनदा येऊन तळहात लावून बघायचा. मुलानं पाडायची भाषा हळूहळू सोडली.

सप्टेंबरात चुना लावायला घेतला. डावीकडून खिडकीपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. झोपेतच गेला होता.

उरलेली भिंत दुसऱ्या गवंड्यानं केली. खिडकीखाली सांधा दिसतो. तो गवंडी सांधा पुसून टाकतो म्हणाला, पण हेस्टरनं हात लावू दिला नाही.

त्या वाटेनं गेलात तर तिथं तळहात टेकवा. भिंत कोरडी लागेल. तेवढ्यापुरती आमच्या जेबेझची आठवण काढा.